थैली दोघांच्या हाती

रविवारची उपासना संपली, की मराठी मंडळीतली माणसं दारात एकमेकांना सलाम करत रेंगाळतात. त्याच वेळी आत वेस्ट्रीत अर्पणाच्या थैल्या टेबलावर रिकाम्या होत असतात. चुरगळलेल्या नोटा सरळ करायच्या, नाणी वेगळी काढायची, दशांशाच्या पाकिटांवरची नावं वहीशी ताडून पाहायची, बेरीज लिहायची. काम फार तर अर्ध्या तासाचं. पण मंडळ्या दुभंगतात त्यामागे शिकवणुकीतले मतभेद थोडे आणि या टेबलावरचे प्रश्न जास्त असतात, असं माझं मत आहे. म्हणून अर्थ समिती कशी चालवावी, हा प्रश्न मला प्रवचन कसं करावं याच्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. त्यातले पाळकसाहेब आणि ताई कुणा एका मंडळीतले नाहीत. पाळकसाहेब अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सेवा करतात असं समजा. ताई बँकेतून निवृत्त झाल्या आहेत आणि अर्थ समितीचं अध्यक्षपद नुकतंच त्यांच्याकडे आलं आहे. दोघांचाही मला आदर आहे. कोण कुठे बरोबर वाटतं, हे मी अधूनमधून सांगेन.

ताई: सलाम, पाळकसाहेब. शनिवारच्या सभेची विषयपत्रिका पाहिलीत?

पाळकसाहेब: सलाम. पाहिली. अकरा विषय आहेत आणि एकातही माणूस नाही. विजेचं बिल, मुदत ठेव, छपराची कोटेशनं, ऑडिटरची फी. शेवटी प्रार्थना.

ताई: प्रार्थना सुरुवातीलाही आहे.

पाळकसाहेब: आहे, आणि ती मीच करणार आहे. त्यानंतर दोन तास मी गप्प बसून ऐकणार, हेही मला माहीत आहे. ताई, रागावू नका, पण या भागातल्या पाळकाला अर्थ समितीची धास्ती का वाटते ते समजून घ्या. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. तेव्हापासून कितीतरी वर्षं पाळकाचा पगार, शाळामास्तरचा पगार, बायबल बाईचा पगार यांचा पैसा बोस्टनहून यायचा आणि इथल्या मिशनरी साहेबाच्या हातून मिळायचा. खेडोपाडी पायी हिंडायचं आम्ही आणि हिशेबाची वही त्यांच्या टेबलावर. ते लोक वाईट होते असं मी म्हणत नाही. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले. पण पैशाबद्दल प्रश्न विचारण्याचा हक्क आमच्याकडे कधी नव्हता. आता मिशन गेलं, १९७० साली उत्तर भारतीय मंडळी एकत्र झाली, आपण आपले मुखत्यार झालो. तरी पाळक समितीसमोर बसतो तेव्हा अजून त्या टेबलासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं. फरक एवढाच, की साहेबाच्या जागी आता निवृत्त बँक अधिकारी आहेत.

ताई: हे तुम्ही पहिल्यांदाच बोलून दाखवलंत. मला हे माहीत असायला हवं होतं. पण मग उपाय काय? समितीच नको?

पाळकसाहेब: समिती असावी, पण लहान. पैसा आला की सेवेला जावा, एवढं बघणारी. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि पुढे साताऱ्याला देवाचा दरबार मांडला. त्यांना कुणी अंदाजपत्रक विचारलं होतं?

ताई: अंदाजपत्रक लक्ष्मीबाईंना विचारा. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला नेहमी त्यांची काळजी वाटते. टिळकांच्या हातात पैसा आला की समोर दिसेल त्या गरजवंताला जायचा. मोठं मन होतं, त्याबद्दल वाद नाही. पण संध्याकाळच्या भाकरीची जुळवाजुळव घरात दुसरं कुणीतरी करत होतं, म्हणून ते औदार्य उभं राहिलं. मंडळीत ती जुळवाजुळव करणारी माणसं म्हणजे अर्थ समिती. त्यांना पाळकाचं मन लहान करायचं नसतं, पाळकासकट सगळ्यांना महिनाअखेरीपर्यंत पोचवायचं असतं.

पाळकसाहेब: लक्ष्मीबाईंचं नाव घेतलंत, आता मी काय बोलणार! पण एक सांगतो. लक्ष्मीबाई टिळकांवर विश्वास ठेवून हे करत होत्या. तुमची समिती विश्वासाऐवजी सह्या मागते. प्रत्येक पाकिटावर दोन सह्या, प्रत्येक चेकवर दोन सह्या. जिथे भाऊबहीण म्हणून बसतो तिथे इतका पहारा?

ताई: राजांचं दुसरं पुस्तक, बारावा अध्याय. योवाश राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत पैसा याजकांकडेच येत होता आणि मंदिराची पडझड तशीच होती. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीच्या बाजूला ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे येऊन मोजायचे आणि पैसा थैल्यांत बांधायचे. एकट्या याजकाने मोजलं नाही, एकट्या चिटणिसानेही नाही. हा पहारा मी बँकेतून आणलेला नाही.

पाळकसाहेब: तोच अध्याय जरा पुढे वाचा. मजुरी देण्यासाठी ज्यांच्या हाती पैसा सोपवला, त्यांच्याकडून हिशेब घेतला जात नसे, कारण ती माणसं इमानाने वागत होती. हेही तिथेच लिहिलंय.

ताई: लिहिलंय. ते वाक्य मला अडचणीचं आहे, मी नाकारत नाही. पण क्रम बघा. पैसा आधी दोघांनी मोजला, बांधला, मग इमानदार माणसांच्या हाती दिला. किती दिला हे सगळ्यांना ठाऊक होतं.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. या एकाच अध्यायाचे दोन भाग आपल्या मंडळ्यांनी सोयीने वापरले आहेत. ज्याच्याशी पटतं त्याच्या बाबतीत इमानाचा भाग वाचायचा आणि बिनसलं की दोघांनी मोजण्याचा. त्यामुळे दोन सह्यांचा नियम जेव्हा केव्हा येतो तेव्हा तो कुणाच्या तरी तोंडावर मारल्यासारखा येतो. सगळ्यांचा सगळ्यांवर भरवसा असतो त्या काळातच हा नियम करून ठेवावा. तेव्हा तो कुणालाच लागत नाही. अर्थ समितीच्या अध्यक्षाने पहिल्या वर्षी एवढं एक काम केलं तरी पुढची दहा वर्षं सोपी जातात.

पाळकसाहेब: बरं, सह्या मान्य. पण त्या खजिनदारांचं काय? अठरा वर्षं बिचारे पावतीपुस्तक सांभाळतात. त्यांना काय वाटेल?

ताई: त्यांच्यासाठीच म्हणतेय मी. मंडळीत खजिनदारासारखा एकटा माणूस दुसरा नाही. पावतीपुस्तक त्यांच्या घरात, कपाटाची चावी त्यांच्याकडे, नेट बँकिंगचा पासवर्ड त्यांच्या मुलालाच ठाऊक. रुपयालाही हात लावलेला नसतो, पण उद्या कुणी बोट दाखवलं तर ‘मी घेतला नाही’ हे सिद्ध करायला कागद नसतो. मग अठरा वर्षांची सेवा एका रविवारच्या कुजबुजीत संपते. नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावं, दर महिन्याला जोडी बदलावी, मोजणीच्या कागदावर दोघांनी तिथेच सही करावी आणि सोमवारी सगळीच्या सगळी रक्कम बँकेत जावी. त्यातून आधी चहाचे, रिक्षाचे पैसे काढायचे नाहीत. खर्चाला वेगळी किरकोळ रोख ठेवू. हे केलं की खजिनदार रात्री शांत झोपतील.

पाळकसाहेब: पौलानेही असंच केलं होतं म्हणा.

ताई: हो ना! यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली तेव्हा ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला आणि कारणही लिहून ठेवलं: एवढ्या मोठ्या देणगीबाबत कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये, प्रभूपुढे जे चांगलं तेच माणसांपुढेही चांगलं दिसावं. प्रेषिताला जर याची गरज वाटली, तर तालुक्याच्या समितीला कमीपणा कसला?

पाळकसाहेब: ठीक. आता खरं बोलतो. विषय सातवा: ‘पाळकांचा मदत निधी, व्हाउचर पद्धत.’ हा मला मान्य नाही.

ताई: सांगा.

पाळकसाहेब: रात्री दहाला दार वाजतं. बाहेर एक बाई उभी. पोराला ताप चढलाय, दवाखान्यात डिपॉझिट मागतायत, नवरा शुद्धीत नाही. रविवारी ती गायनात पहिल्या ओळीत उभी असते. मी तिला दीड हजार देतो. तुम्ही म्हणता व्हाउचर करा, तिची सही घ्या, समितीपुढे ठेवा. समितीत तिची जाऊ बसते, ताई. सकाळी पाणी भरायच्या आत सगळ्या आळीला कळलेलं असेल. पुढच्या वेळी ती माझं दार वाजवणार नाही, सावकाराचं वाजवेल. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही शिकवण काय उगाच आहे?

ताई: ती शिकवण स्वतःच्या खिशातून देणाऱ्यासाठी आहे. तुम्ही तुमच्या पगारातून दिलंत तर मी एक अक्षर विचारणार नाही. पण या निधीत धुणीभांडी करणाऱ्या बाईचे वीस रुपये आहेत. येशूने भांडारापुढे बसून कुणी काय टाकलं ते बघितलं आणि त्या विधवेच्या दोन टोल्या त्याच्या लक्षात राहिल्या. वीस रुपयांचं पुढे काय झालं हे त्या बाईला कळायला नको?

पाळकसाहेब: तिला काय झालं ते कळू दे. कुणाला मिळाले ते का कळावं?

ताई: कळू नये. इथे आपलं एकमत आहे. म्हणून असं करू. तुमच्याकडे एक वही राहील, कुलुपात. प्रत्येक मदतीला क्रमांक, तारीख, रक्कम आणि कारण एका शब्दात: औषध, फी, धान्य, प्रवास. नाव फक्त त्या वहीत. समितीपुढे येईल ती महिन्याची बेरीज आणि कितीजणांना मदत झाली तो आकडा. जमेल तिथे पैसे थेट दवाखान्यात किंवा शाळेत भरायचे, म्हणजे पावती संस्थेचीच येईल. एका माणसाला एका वेळी किती द्यायचं याची मर्यादा आधीच ठरवू, म्हणजे तुम्हाला रात्री दहाला दारात उभं राहून घासाघीस करावी लागणार नाही.

पाळकसाहेब: वही बघणार कोण?

ताई: वर्षातून एकदा दोघं. मी, किंवा माझ्या जागी त्या वेळी जो असेल तो, आणि तुम्ही सुचवाल तो एक वडील. शिवाय ऑडिटर.

पाळकसाहेब: ऑडिटर इथलाच. त्याची आई आमच्या महिला मंडळात आहे.

ताई: मग बाहेरगावचा नेमू. फी जास्त पडेल, ती मी समितीकडून मंजूर करून घेते.

पाळकसाहेब: आणि तरीही एखादी नोंद अशी असेल, की मी नाव लिहिणार नाही. कुणी विश्वासाने सांगितलेलं असतं. कबुलीजबाबासारखं असतं ते. ते कागदावर जाणार नाही.

ताई: ऑडिटर शेरा मारेल.

पाळकसाहेब: मारू दे. शेऱ्याला उत्तर मी देईन, उभा राहून, सगळ्या मंडळीपुढे. पण नाव नाही सांगणार.

या मुद्द्यावर माझं मन पाळकसाहेबांकडे झुकतं, पूर्णपणे नाही. वहीची पद्धत ताईंची बरोबर आहे आणि ती प्रत्येक मंडळीने आजच सुरू करावी. पण दर वर्षी एकदोन नोंदी बिननावाच्या राहणार असतील, तर त्या राहू देण्याइतकं धाडस अध्यक्षाकडे हवं. त्याबरोबर एक पथ्यही हवं: अशा नोंदींची संख्या आणि एकूण रक्कम मंडळीला उघडपणे सांगायची. लपवायचं ते नाव. रक्कम कधीच लपवायची नाही. हा फरक ज्या समितीला नीट कळला, तिला पाळकाशी भांडावं लागत नाही.

ताई: आता माझी पाळी. छपरासाठी दोन कापणीच्या सणांत जमलेले पैसे इमारत निधीत आहेत. गेल्या पावसाळ्यात शिपायाचा पगार थकला तेव्हा तुम्ही खजिनदारांना म्हणालात, त्यातून द्या, नंतर भरू.

पाळकसाहेब: म्हणालो. शिपायाच्या घरी चूल पेटत नव्हती आणि आपण पत्र्यासाठी पैसे दाबून बसलो होतो. देवाला पत्रा मोठा की माणूस?

ताई: माणूस. पण सणाच्या लिलावात एका शेतकऱ्याने स्वतःच दिलेला भोपळा चढ्या बोलीने परत विकत घेतला, कशासाठी? पाळकांनी वेदीवरून सांगितलं होतं, हे छपरासाठी. त्याच्या मनात छप्पर होतं. ते पैसे आपण दुसरीकडे वळवले, तेही त्याला न विचारता. पुढच्या सणाला तो बोली लावणार नाही आणि का लावत नाही हेही सांगणार नाही. शिपायाचा पगार थकतो हे त्या वेळी मंडळीला सांगितलं असतंत, तर लोकांनी त्याच रविवारी थैली भरली असती. आपण लोकांना अडचण सांगत नाही आणि गुपचूप निधी फिरवतो. माझा राग त्या गुपचूपपणावर आहे.

पाळकसाहेब: लोकांना अडचण सांगितली की ते म्हणतात, पाळक सारखा पैसे मागतो.

ताई: म्हणून ती अध्यक्षाने सांगायची. तेच त्याचं काम. दर तीन महिन्यांनी उपासनेनंतर पाच मिनिटं, साध्या मराठीत. एवढे आले, एवढे गेले, डायसिसचा वाटा एवढा भरला, पगार वेळेवर झाले की नाही, छपराचे एवढे जमलेत आणि त्यांना कुणी हात लावलेला नाही. ‘राखीव निधीतील संक्रमण’ असले शब्द वापरायचे नाहीत. शेवटच्या बाकावरच्या आजीला कळलं नाही तर तो अहवाल झालाच नाही.

पाळकसाहेब: हे सगळं मान्य. पण तुमच्या सभेत मात्र त्या आजीला कळत नाही. मागच्या वेळी तुम्ही ताळेबंद वाचून दाखवलात, पाऊण तास. महिला मंडळाकडून जी आली आहे, शेतमजुरी करते ती, तिने एकदाही तोंड उघडलं नाही. बँकेतले दोघे, शिक्षक एक आणि तुम्ही, एवढीच बोललात. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात तक्रार कुणाची होती? हेल्लेणी विधवांची. रोजच्या वाटपात त्यांना वगळलं जात होतं. मग जे सात जण नेमले, त्यांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तिमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. ज्यांची उपेक्षा झाली त्यांच्यातलेच लोक वाटपावर नेमले. आणि पात्रता काय सांगितली? नावलौकिक, पवित्र आत्मा, शहाणपण. हिशेब येतो का, हे कुणी विचारलं नाही.

ताई: हिशेब येणारा एक तरी लागेल हो.

पाळकसाहेब: एक लागेल. पाच नकोत. आणि तो शेवटी बोलू दे. सभा अशी सुरू करा: रविवारची शाळा घेणारीला पाच मिनिटं द्या, मुलं किती येतात, काय कमी पडतं. वस्तीवर जाणाऱ्याला पाच मिनिटं द्या. मग तुमचा कागद काढा. आकडे तेच राहतील, पण प्रश्न बदलतील. आज आपण आधी विचारतो, किती आहे? मग त्यात बसेल तेवढी सेवा. मला ते उलटं हवंय.

ताई: हे मी करेन. कागद आठवडाभर आधी घरी पोचतील, एका पानात. सभेत वाचून दाखवणार नाही. आणि त्या महिला मंडळाच्या सभासदाला प्रत्येक विषयावर पहिलं मत विचारेन. बँकेतले नंतर.

पाळकसाहेब: तिला आधी सांगून ठेवा, नाहीतर घाबरेल.

ताई: तिच्या घरी जाऊन बसेन.

इथून पुढचे काही विषय दोघांनी भराभर उरकले. एका सभासदाने सुचवलं होतं, की मुदत ठेव गावच्या पतसंस्थेत ठेवावी, व्याज जास्त मिळतं. ताईंनी ते तिथेच संपवलं. सार्वजनिक विश्वस्त संस्थेचा पैसा कुठे ठेवायचा हे धर्मादाय कायद्याने ठरवून दिलं आहे: शेड्यूल्ड बँक, पोस्ट, सरकारी रोखे, सरकारने मान्य केलेली सहकारी बँक. पतसंस्था त्यात बसत नाही, आणि बुडालेल्या पतसंस्थांच्या दारात ठेवीदार कसे उभे राहतात ते या जिल्ह्याला सांगायला नको. रस्त्याकडेच्या आवारात कुणाला तरी नऊ वर्षांच्या कराराने दुकान हवं होतं. इमारत किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त आणि शेतजमीन दहा वर्षांहून जास्त भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी लागते, विक्रीला तर लागतेच. जुन्या मिशन आवारांचे कितीतरी दावे ही एक पायरी वगळल्यामुळे उभे राहिले आहेत, याचं मला फार वाईट वाटतं. ती जमीन आपण कमावलेली नाही. ती आपल्याकडे सांभाळायला आली आहे.

परदेशातल्या पैशाच्या विषयावर मात्र ते रेंगाळले.

पाळकसाहेब: न्यू जर्सीची आपली बहीण दरवर्षी नाताळला पाठवते. या वर्षी म्हणते, भाऊ, तुमच्याच खात्यावर टाकते, मंडळीचं खातं किचकट आहे.

ताई: तिचा पासपोर्ट कुठला?

पाळकसाहेब: आता अमेरिकेचा. चार वर्षं झाली.

ताई: मग तिचा पैसा विदेशी ठरतो. भारतीय पासपोर्ट असलेला आपला माणूस तिकडून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवतो, तो विदेशी धरत नाहीत. नागरिकत्व बदललं की धरतात, मग ती इथेच जन्मलेली असो. त्यासाठी परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए नोंदणी लागते, २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. मंडळीसाठीचे पैसे तुमच्या खात्यावर आले तर उद्या उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, तिला नाही.

पाळकसाहेब: तिच्या मनात प्रेमाशिवाय काही नाही, ताई.

ताई: माहीत आहे. म्हणून फोन मी करते. तिला सांगते, या वर्षी पैसे नकोत, उन्हाळ्यात आलीस की मुलांना आठवडाभर गाणी शिकव. तुम्ही नकार दिलात तर तिला लागेल.

पाळकसाहेब: हे बरं होईल. खरं सांगू? ‘नाही’ म्हणायचं ओझं कुणीतरी उचलावं, एवढीच माझी अपेक्षा होती. आजवर समितीने ‘नाही’ मलाच म्हटलं.

ताई: आणखी एक ‘नाही’ तुमच्यासाठी आहेच. तुमच्या पगाराचा आणि घराच्या दुरुस्तीचा विषय येईल तेव्हा तुम्ही बाहेर बसायचं.

पाळकसाहेब: मी सभेचा अध्यक्ष नाही, मग अडचण काय?

ताई: तुम्ही समोर असलात की कुणी खरं बोलत नाही. कमी पडतो असं वाटणारेही गप्प बसतात, जास्त आहे म्हणणारेही. तुम्ही बाहेर गेलात तर मी त्यांना विचारू शकते: या माणसाच्या मुलीची कॉलेजची फी भरली गेली का? तुमच्यासमोर हे विचारता येत नाही. आणि हाच नियम सगळ्यांना. छपराच्या कोटेशनांतलं एक आपल्याच सभासदाच्या मेव्हण्याचं आहे. तो विषय निघाला की तो सभासदही बाहेर. इतिवृत्तात तसं लिहायचं.

पाळकसाहेब: तो नाराज होईल.

ताई: होईल. आधी नियम वाचून दाखवू, मग त्याचं कोटेशन उघडू. या क्रमाने केलं तर नाराजी कमी होईल.

पाळकसाहेब: आणि तुम्ही? तुमच्यावर नियम काय?

ताई: तीन वर्षं. त्यानंतर अध्यक्षपद सोडायचं आणि निदान एक वर्ष समितीत यायचं नाही. आत्ताच इतिवृत्तात घालू. शिवाय या तीन वर्षांत तिशीच्या आतला एकजण माझ्याबरोबर बसेल, बँकेची कामं शिकेल, धर्मादायच्या ऑफिसात माझ्याबरोबर येईल. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, हे आज समितीत किती जणांना माहीत आहे? मी गेल्यावर हे कुणाला तरी ठाऊक असायला हवं.

पाळकसाहेब: मग माझी एक अट. छपराच्या विषयाआधी शिपायाचा विषय घ्या. पगार दर महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि तो इमारत निधीतून नाही. कुठून, ते त्या दिवशी समितीने ठरवायचं, मंडळीला विचारून. तोवर सभा संपवायची नाही.

ताई: विषयपत्रिका बदलून आज रात्रीच पाठवते. शिपाई पहिला, रविवारची शाळा दुसरी. छप्पर तिसरं.

पाळकसाहेब: आणि सातवा?

ताई: सातवा तसाच ठेवते. बिननावाच्या नोंदींचं तुम्ही मांडा, व्हाउचरचं मी मांडते. महिला मंडळाच्या सभासदाला पहिलं मत विचारू.